टीव्हीसमोरचा घास

आज सकाळी गाडी पुन्हा पिवळी झाली. कालच मंदार चाळीस मिनिटं रांगेत थांबून ती धुऊन घेऊन आला होता. मी म्हटलं होतं, अरे बाबा, एप्रिल संपेपर्यंत त्या गाडीच्या वाटेला जाऊ नकोस. पण बायकोचं ऐकलं तर तो नवरा कसला! आता खिडकीशी उभा आहे, चहाचा कप हातात, आणि माझ्याकडे असं बघतोय की जणू हळदीचा डबा मीच जाऊन गाडीवर उपडा केलाय.

अमेरिकेतल्या या कॅरी गावात राहायला येताना हे कुणी सांगत नाही. शाळा चांगल्या, रस्ते रुंद, इंडियन स्टोअर दहा मिनिटांवर, हे आमच्या आधी आलेल्या प्रत्येकाने सांगितलं होतं. पाइनच्या झाडांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मार्च संपत आला की ही उंचच उंच झाडं तीन-चार आठवडे नुसतं पोलन गाळत राहतात. परागकण म्हणावं तर शब्द फारच नाजूक होतो. ही धूळ आहे, पिवळी, चिवट, मेली कुठेही शिरणारी. घराबाहेरच्या लाकडी डेकवर, टपालपेटीवर, बुटांच्या नाड्यांत, डब्याच्या झाकणाच्या खाचेत. पाऊस पडला की रस्त्याच्या कडेने पिवळे ओघळ जातात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आहे तसंच. गावभर लोक शिंकतात, डोळे चोळतात, आणि एकमेकांना म्हणतात, काय सुंदर हवा आहे नाही! हवा सुंदर असतेच, तोच तर वैताग आहे. डॉगवुड पांढरंशुभ्र फुललेलं, आकाश निळंभोर, आणि आम्ही दारं-खिडक्या लावून आत बसलेले.

या दिवसांत माझी चिडचिड दुप्पट होते, असं मंदार सगळ्यांना सांगत असतो. ॲलर्जी आहे तिला, म्हणतो. ॲलर्जी कसली डोंबलाची! मला दोन वर्षांपूर्वीचा, दोन हजार सहाचा एप्रिल आठवतो, म्हणून होते.

तेव्हा आम्ही अपार्टमेंटमध्ये होतो, दुसऱ्या मजल्यावर. गाडी एक, ती मंदार सकाळी आठला ऑफिसला घेऊन जायचा. मी डिपेंडंट व्हिसावर, नोकरीला बंदी, म्हणजे पुण्यात सहा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलेली बाई इथे दिवसभर कार्पेटवरचे शितकण वेचत असायची. सासूबाई सहा महिन्यांसाठी नागपूरहून आलेल्या. आणि सानिका, म्हणजे आमची सानू, साडेचार वर्षांची, नाक अखंड वाहणारं. बाहेर नेली की दहा मिनिटांत डोळे लाल. डॉक्टरने सांगितलं, पोलन कमी होईपर्यंत घरातच खेळू द्या. घरातच खेळू द्या! सांगायला काय जातंय. तीन खोल्यांत एक मूल, एक आजी आणि एक आई, तिघीही कंटाळलेल्या. मग खेळवणार कोण? टीव्ही.

खोटं कशाला बोलू, टीव्ही काही त्या एप्रिलमध्ये आला नव्हता. सानू दीड वर्षाची असल्यापासून तिचं जेवण टीव्हीसमोर व्हायचं. मी तिला मांडीवर घेऊन बसायची, कार्टून लागलं की तिचं तोंड आपोआप उघडायचं, आणि मी वरण-भाताचा घास आत ढकलायची. तिची नजर पडद्यावर, माझी नजर तिच्या ओठांवर. पंधरा मिनिटांत ताटली साफ. काय तो मला अभिमान! शनिवारी कुणाकडे जमलो की बाकीच्या आया वाट्या घेऊन पोरांमागे घरभर धावायच्या, आणि मी सोफ्यावर पाय पसरून सांगायची, आमच्या सानूचा जेवणाचा काही त्रास नाही हं. पालकसुद्धा खाते. ती पालक खात नव्हती. तिला ते पालक आहे हे ठाऊकच नव्हतं.

सासूबाईंनी आल्या आल्या हा प्रकार बघितला आणि त्यांना तो फार पसंत पडला. "खाते नं? पोटात जातंय नं? मग काय पाहिजे बाप्पा," म्हणाल्या. आपल्याकडे मुलांच्या बाबतीत सगळं शेवटी याच एका प्रश्नावर येऊन थांबतं. पोटात गेलं का? मूल हसलं का, पडलं का, कुणाशी बोललं का, ते नंतर. भारतातून आईचा फोन आला की पहिलं वाक्य तेच, जेवली का गं ती?

त्यात नवीन काही नाही म्हणा. चिऊचा घास, काऊचा घास करतच आपण सगळे मोठे झालो. मलाही आई गच्चीत नेऊन, ती बघ चिऊ, ती बघ चिऊ, असं म्हणत फसवूनच भरवायची. पण त्या चिमणीत आणि या टीव्हीत एक फरक आहे, आणि तो कळायला मला साडेचार वर्षं लागली. चिमणी उडून जायची. मग मागे राहायची गच्ची, आई, हातातला घास, आणि ती गेली कुठे हा प्रश्न. त्या प्रश्नावर एक आख्खी दुपार जायची. टीव्ही उडून जात नाही. एक कार्टून संपलं की दुसरं हजर, मुलाला विचारायला काही शिल्लकच ठेवत नाही.

सानूची शाळा कॉम्प्लेक्सच्या मागेच होती, चालत पाच मिनिटांवर. एरवी ती साडेअकराला सुटायची. एप्रिलपासून मिस लिंडा, म्हणजे तिच्या बाई, म्हणाल्या की ऑगस्टमध्ये किंडरगार्टन सुरू होईल, तिथे दिवसभराची शाळा, तर सवय म्हणून हिला आता डबा खायला थांबवू या. मी उत्साहाने डबा दिला. पोळीला तूप-साखर लावून दोन छोटे रोल, काकडीच्या चकत्या, द्राक्षं. डबा तसाच परत. दुसऱ्या दिवशी पास्ता. तसाच परत. तिसऱ्या दिवशी इडली, चौथ्या दिवशी पराठा. सगळं जसं भरलं होतं तसं, काकडीची चकतीसुद्धा हललेली नाही. "सानू, का नाही खाल्लंस?" तर म्हणे, "आय डोन्ट नो." मी मनातल्या मनात शाळेला शिव्या घातल्या. एवढ्या बायका आहेत तिथे, एकीला दोन घास भरवता येत नाहीत?

पाचव्या दिवशी मिस लिंडांनी मला थांबवून घेतलं. पन्नाशीच्या, गुडघे दुखत असले तरी मुलांच्या उंचीला वाकूनच बोलणाऱ्या. मलाही त्यांनी त्या बुटक्या खुर्चीवर बसवलं. म्हणाल्या, सानिका डबा उघडते आणि भिंतीकडे बघत बसते. तोंड थोडं उघडं ठेवून. "काल तिने मला सांगितलं, टर्न इट ऑन. मी विचारलं, काय ऑन करू? तर भिंतीकडे बोट दाखवलं."

त्या बुटक्या खुर्चीवर मी गुडघे पोटाशी घेऊन बसले होते आणि मला उठताच येईना.

त्या पुढे बोलतच होत्या. वर्गात खेळण्यातलं स्वयंपाकघर आहे, ठोकळे आहेत, बाहुल्या आहेत. बाकीची मुलं दुकान मांडतात, भांडतात, डॉक्टर होतात. सानिका शेजारी उभी राहून बघते. कुणी हातात काही दिलं तर धरून ठेवते. "शी इज अ व्हेरी गुड वॉचर," मिस लिंडा अगदी मायेने म्हणाल्या, आणि मला क्षणभर ते कौतुकच वाटलं. मग कळलं. घरी किती वेळ टीव्ही बघते, त्यांनी विचारलं. मी अर्धा करून सांगितला. तो अर्धाही त्यांना फार वाटला. मग म्हणाल्या, काही दिवस बंद ठेवून बघा, तिला जरा कंटाळू द्या, कंटाळली की खेळेल. आणि ऑगस्टमध्ये वर्गात वीस-बावीस मुलं असतील, तिथे तिचं तोंड उघडं आहे हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. हे शेवटचं वाक्य त्यांनी फार हळू उच्चारलं. घरी येताना सानूचं बोट धरून चालत होते, तिच्या बुटांना पिवळी धूळ लागत होती, आणि माझ्या डोक्यात एकच होतं, चार महिने. चार महिन्यांत ही स्वतःच्या हाताने खायला शिकली नाही तर त्या बावीस मुलांत माझी पोर रोज उपाशी बसेल.

मंदारला ऑफिसमध्ये फोन केला. "मग बंद कर ना टीव्ही, यार. सिंपल आहे," म्हणाला. सिंपल आहे! उंटावरून शेळ्या हाकायला याला काय जातंय? हा संध्याकाळी सातला येणार, बूट काढता काढता पहिला रिमोट शोधणार, का, तर ऑफिसमधून आलं की डोकं शांत करायला लागतं. आणि माझं डोकं काय भाड्याने दिलंय? त्या दिवशी आमचं कडाक्याचं वाजलं. शेवटी ठरलं की सानू जागी असेपर्यंत टीव्ही कुणीच लावायचा नाही. कुणीच म्हणजे कुणीच.

सासूबाई सुपारी कातरत ऐकत होत्या. म्हणाल्या, "आणि मी गं? मी काय करू दिवसभर? भिंती पाहू?" खरंच, काय करणार होत्या त्या? खाली उतरलं तर माणूस दिसत नाही, दिसलं तर भाषा येत नाही, पोलनने घसा धरतो. नागपुरात दारात बसल्या तर तासाभरात चार जणी येऊन बसतात. इथे दुपारची ती मालिका तेवढी त्यांच्याशी मराठीत बोलत होती. मी म्हटलं, "आई, सानू शाळेत असते तेव्हा बघा ना." "तेव्हा रिपीट असते," त्या म्हणाल्या आणि अडकित्ता जोरात वाजवला.

पुढचे आठ दिवस. काय सांगू! टीव्हीवर मी जुनी ओढणी टाकली, तर सानू ओढणीकडे बघत बसायची. जेवायला बसवलं की ओठ शिवल्यासारखे. पहिल्या दिवशी दोन चमचे दहीभात. दुसऱ्या दिवशी तेही नाही, नुसतं दूध. तिसऱ्या दिवशी मी ताट आपटलं, ती रडली, मी रडले, सासूबाई म्हणाल्या, "लेकरू वाळून चाललं, तुमच्या त्या बाईच्या नादी लागून." चौथ्या दिवशी मंदारने गुपचूप लॅपटॉपवर कार्टून लावून तिला अर्धी पोळी भरवली आणि मला सांगितलं की बघ, खाल्ली की नाही! मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

आणि कंटाळा. मिस लिंडा म्हणाल्या होत्या, कंटाळू द्या. त्यांचं बरं आहे, दुपारी एकला त्यांच्या वर्गाचं दार बंद होतं. इथे पोर दर तीन मिनिटांनी, "आई, व्हॉट डू आय डू?" मी ठोकळे आणले, खडू आणले, मळायची रंगीत माती आणली. लायब्ररीतून पुस्तक आणलं, मुलांना खेळू कसं द्यावं यावर. पुस्तक वाचून मुलाला खेळू देणारी आमची पिढी. आता हसू येतं, तेव्हा मी त्यात पेन्सिलीने खुणा करत होते.

मग मी तिला खेळायला लावलं. लावलं हाच शब्द बरोबर आहे. सानू, घर कर बरं. अगं, आधी भिंती, मग छप्पर. लाल नको, निळा घे. माती अशी नाही, अशी मळ, माझ्याकडे बघ. हत्ती कर, हत्तीला सोंड नको का? हा बघ, मी करते. तासाभराने कार्पेटवर सुरेख हत्ती असायचा, सुरेख घर असायचं, सगळं मी केलेलं, आणि सानू मांडी घालून, तोंड थोडं उघडं ठेवून, माझ्याकडे बघत बसलेली असायची. पुढे काय लागतंय याची वाट बघत. मी टीव्ही बंद केला होता आणि त्याच्या जागी स्वतः बसले होते. हे तेव्हा कळलं असतं तर बरं झालं असतं. तेव्हा मला फक्त राग येत होता. तिच्यावर, मंदारवर, त्या झाडांवर, दार उघडू न देणाऱ्या त्या पिवळ्या हवेवर.

रागाचं काय, आजही येतो. परवा देवळाच्या हॉलमध्ये एका ओळखीच्यांकडचा वाढदिवस होता. त्यांच्या गाडीत मागच्या सीटवर दोन मुलांपुढे दोन छोटे डीव्हीडी प्लेअर, घर ते देऊळ बारा मिनिटांचा रस्ता. त्या मुलांची आई मला म्हणाली, "काय करणार ताई, त्याशिवाय बसतच नाहीत." मी भाषण ठोकायला तोंड उघडलं आणि मग तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसली. घरोघरी मातीच्या चुली. मी म्हटलं, हो गं, कठीणच आहे, आणि केक खाल्ला.

पण त्या नवव्या दिवसाचं सांगायचं राहिलं. शुक्रवार होता. हॉलमध्ये सासूबाई खाली बसून गवार निवडत होत्या. मी सानूसमोर तूप-साखरेचे दोन रोल ठेवले, दहा वेळा खा म्हटलं, ती हलली नाही. माझं डोकं उठलं. म्हटलं, आता इथे थांबले तर हात उचलला जाईल, त्यापेक्षा डेक पुसावा. फडकं आणि पाण्याची बादली घेऊन बाहेर गेले आणि पोलन आत जाऊ नये म्हणून काचेचं दार लावून घेतलं, एक बोटाची फट राहिली तेवढी. रेलिंग पुसत होते, पुसत कसली, रेलिंगवर राग काढत होते, तर काचेवर टकटक. सानू. हातात नऊ दिवस निकामी पडलेला रिमोट.

"आई, यू आर टीव्ही," म्हणाली आणि माझ्याकडे रिमोट रोखून बटण दाबलं.

मला आधी समजेना. मग समजलं. दाराची चौकट, मध्ये काच, काचेपलीकडे मी. मी फडकं उंच धरून सुरू झाले. नमस्कार, आजच्या बातम्या. कॅरीत पिवळ्या धुळीचा सुळसुळाट, एक बाई रेलिंग पुसून पुसून वेडी झाली. ती खिदळली. नऊ दिवसांत पहिल्यांदा. बटण दाबून म्हणाली, "चेंज!" मी पाककृती सांगायला लागले, एक वाटी पोलन घ्या. "चेंज!" मी नाचले. खालच्या मजल्यावरचा माणूस कुत्र्याला घेऊन चालला होता, तो वर बघत उभा राहिला. बघू दे मेल्याला. सानू काचेला नाक लावून हसत होती आणि हसताना तिचं तोंड उघडं होतं, आणि माझ्यातल्या आईला राहवलं नाही. काचेआडून ओरडले, "आता घास घे! सानू, तो रोल घे हातात, शहाणी ना माझी, एकच घास!"

तिचं हसू गेलं. "टीव्ही डझन्ट से दॅट," म्हणाली. रिमोट रोखला आणि बटण दाबलं.

"अगं, पण सानू—"

"नो. यू आर ऑफ. ऑफ मीन्स नो टॉकिंग." आणि माझ्याकडे पाठ करून चालायला लागली.

मी दाराला हात घातला. आत जाऊन तिला उचलावं, समजवावं, खेळ असा नाही करायचा सांगावं. तेवढ्यात सासूबाईंनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं, आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. ज्या बाईने आठ दिवस माझं डोकं खाल्लं होतं, तिने. मी दार सोडलं.

सानू आजीजवळ गेली. न विचारता तिच्यापुढची मूठभर गवार उचलली. आजीच्या खांद्यावरची शाल ओढून कार्पेटवर पसरली, आणि शालीवर गवारीच्या शेंगा एकेक करून गोल बसवल्या. दहा-बारा असतील. एक वाकडी शेंग सारखी पडत होती, तिला तिने चष्म्याच्या घराला टेकवून बसवलं. मग स्वतः वाकली, गुडघ्यावर हात ठेवून, अगदी मिस लिंडांसारखी, आणि इंग्रजीत शेंगांशी बोलायला लागली. फटीतून मला तुटक तुटक ऐकू येत होतं. चला, हात धुतले का सगळ्यांनी? यू सिट हिअर. नो पुशिंग. मग त्या वाकड्या शेंगेजवळ बसली आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाली, इट्स ओके. इट्स नॉट ब्रोकन. देअर इज नो टीव्ही हिअर. यू जस्ट ईट विथ युअर फ्रेंड्स.

हे तिला कुणीतरी सांगितलं असणार, शाळेत, त्या भिंतीसमोर, आणि तिने ते कुणाला न सांगता स्वतःजवळ ठेवलं होतं.

मग ती शेंगांच्या गोलात जाऊन बसली. ताटली ओढली. रोल हातात घेतला, वाकड्या शेंगेला दाखवला, आणि बोलता बोलता त्याचा एक मोठा तुकडा तोडून खाल्ला. तूप कोपरापर्यंत ओघळलं. साखर शालीवर सांडली. दुसऱ्या हाताने ती एका शेंगेला दटावत होती. कुणी बघतंय का, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. नीट चाव, पुढे वाक, शालीला हात पुसू नकोस, दुसरापण घे, पाणी पी, सगळं माझ्या जिभेवर येऊन उभं होतं, आणि नाकात पोलनची एक जबरदस्त शिंक. ती दाबायला मी ओलं फडकं तोंडावर धरलं. सानूने एकदा वळून काचेकडे बघितलं, मी अजून बंद आहे ना, एवढं तपासलं, आणि दुसरा रोल उचलला.